इन्सुलिन ‘पाक’ कसे झाले?

मुस्लीम घरात कुणाला इन्सुलिन सुरू झाले की एक प्रश्न हमखास निघायचा : ‘हे डुकराचे तर नाही ना?’ प्रश्न गैर नव्हता. १९२२ पासून सुमारे साठ वर्षे हे औषध गुराढोरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढले जात होते. जीव वाचवण्याच्या मजबुरीत ते घेता येईल, असे अनेक उलेमांनी सांगितले आणि लोकांनी ते घेतले. पण शुद्धतेचा आणखी एक प्रश्न होता. तो रुग्णांच्या शरीरात रोज उभा राहत होता, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

११ जानेवारी १९२२. टोरांटोच्या रुग्णालयात मरणपंथाला लागलेल्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण सुई टोचलेल्या जागी गळू झाले. अर्कात इन्सुलिन होते, तशीच नको असलेली प्रथिनेही होती. मग जेम्स कॉलिप यांनी अल्कोहोलचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले. आधी इतर प्रथिने तळाशी बसली, आणखी वाढवल्यावर इन्सुलिन बसले. २३ जानेवारीला नवा अर्क टोचला, तेव्हा रक्तातील साखर एका दिवसात ५२० वरून १२० वर आली. औषध तेच होते. फरक गाळणीचा होता.

पुढे इन्सुलिनचे स्फटिक मिळू लागले आणि ते शुद्ध झाले असे मानले गेले. तरीही टोचलेल्या जागी अनेकांच्या कातडीखालची चरबी झिजून खड्डे पडत. शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करी.

याचे उत्तर एका वेगळ्याच शोधातून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून तीतून पानांचा अर्क झिरपू दिला. हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले, कारण प्रत्येक द्रव्य भुकटीला कमी-अधिक चिकटत होते. हीच क्रोमॅटोग्राफी. १९५९ मध्ये स्वीडनच्या उप्सालामध्ये पोराथ आणि फ्लोडिन यांनी नळीत सच्छिद्र जेलचे मणी वापरले. गर्दीच्या मोहल्ल्यात ट्रक बोळात शिरू शकत नाही म्हणून हमरस्त्याने आधी बाहेर पडतो, सायकलवाला बोळाबोळांतून फिरून मागाहून येतो. तसे मोठे रेणू आधी आणि छोटे नंतर बाहेर पडतात.

‘शुद्ध’ स्फटिकांचे इन्सुलिन अशा नळीतून सोडले, तेव्हा त्यातून इतर मोठी प्रथिने वेगळी निघाली. त्यांत प्रोइन्सुलिन होते. इन्सुलिन ज्यापासून बनते ते हे प्रथिन शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये उजेडात आणले. आकाराने इन्सुलिनसारखीच असलेली काही भेसळ मात्र जेलला ओळखू येईना. त्यासाठी विद्युतभारानुसार रेणू वेगळे करणारी नळी जोडली गेली. १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या नोवो कंपनीने असे ‘मोनोकंपोनंट’ इन्सुलिन आणले. प्रोइन्सुलिनचे प्रमाण दहा लाख भागांत १० हून खाली आले. प्रतिपिंडे घटली, खड्डे कमी झाले. जनावर तेच होते!

१९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि आपल्या जुन्या प्रश्नातून वाट निघाली. पण ई. कोलाय जिवाणूच्या पेशीत त्याची स्वतःची हजारो प्रथिने असतात. ती टोचली तर शरीर पुन्हा बंड करणार. म्हणून टाकीतून निघालेला माल एकामागून एक नळ्यांतून जातो. प्रत्येक नळी वेगळ्या गुणावर पारख करते : भार, आकार, पाण्यापासून दूर राहण्याची ओढ. तेवढे झाल्यावरच ते बाटलीत भरले जाते.

औषध कशापासून बनले, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. त्यासोबत आणखी एक विचारायला हवे : यातून काय काय काढून टाकले, आणि ते तपासले कुणी? लिओनार्डचा जीव याच दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने वाचला. तो पुढे तेरा वर्षे जगला.