रोलर ओढणारा गोलंदाज

आमच्या हट्टा गावच्या काळ्या रानात खेळपट्टी करायची तर मातीच्या कलानं घ्यावं लागतं. हळदीला, कापसाला चांगली असलेली ही जमीन क्रिकेटला मात्र नको करून सोडते. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. पाणी मारायचं, वाफसा येईपर्यंत थांबायचं, मगच रोलर फिरवायचा. गावच्या स्पर्धांआधी हे काम माझ्याकडे असतं. म्हणून जुने गोलंदाज बाळू पालवणकरांचं नाव निघालं की मला आधी त्यांचा रोलर आठवतो, विकेटी मागून.

१८७६ मध्ये चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा पोरगा पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात लागला तो खेळपट्टी झाडायला आणि दाबायला. महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार. तिथं कॅप्टन ग्रेग त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घ्यायचा. बाद केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. म्हणजे साहेबाला आठदा उडवलं की महिन्याचा पगार सुटला! बॅट मात्र हाती कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यानं तर बाळूंची फिरकी चालू नये म्हणून सात दिवस खेळपट्टी दाबून घेतली. तरी बाळूंनी सात बळी घेतले. मला यात नवल वाटत नाही. ज्यानं वर्षानुवर्षं स्वतः रोलर ओढला, त्याला कुठं किती दाबलंय हे पायाखालीच कळतं.

मुंबईत रेल्वेत नोकरी मिळाली आणि खेळावर पोट भरू लागलं. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना दिलं नाही. सामना जिंकून द्यायला बाळू चालत होते, संघ चालवायला नाही. १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले आणि संघानं स्पर्धा जिंकली. तोवर बाळूंचे खेळायचे दिवस सरले होते.