देहरादून ते दापोली : वनशिक्षणाची वाटचाल

भारतात नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते वनखात्याच्या गरजेपोटी. रेल्वेच्या एका मैलाला १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. त्यासाठी साल, साग आणि देवदाराची बेसुमार तोड होऊ लागली, तेव्हा १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले. मूळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रांडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याआधी ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची मोजदाद त्यांनी हत्तीवरून फिरून केली होती. हातात काही काठ्या, प्रत्येक काठी खोडाच्या एका जाडीची. झाड दिसले की त्या काठीवर चाकूने खाच पाडायची. उभी झाडे किती हे कळले, की दरवर्षी तोडायची किती हे ठरवता येई. वनशास्त्राच्या अभ्यासाचा पाया हाच हिशेब होता.

वरिष्ठ अधिकारी आरंभी जर्मनी आणि फ्रान्समध्ये शिकून येत. रेंजरांसाठी १८७८ मध्ये देहरादूनला वनविद्यालय निघाले. वर्गातल्या वनस्पतिशास्त्राला आणि जमीनमोजणीला जंगलातल्या मुक्कामांची जोड असे. १९०६ मध्ये तेथेच वनसंशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराची आडवी चकती ठेवलेली आहे. एका वर्तुळाला एक वर्ष या हिशेबाने झाडाचे वय त्यावर मोजता येते.

ही विद्या बराच काळ खात्यापुरतीच राहिली. राष्ट्रीय कृषी आयोगाच्या १९७६ च्या अहवालानंतर ती कृषी विद्यापीठांत येऊ लागली आणि १९८० च्या दशकात वनशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्रात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात हे शिक्षण मिळू लागले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलाला अग्रक्रम दिला. त्यामुळे लाकडाच्या उत्पन्नाभोवती फिरणाऱ्या या विषयात जैवविविधता, पाणलोट आणि वनांवर जगणाऱ्या लोकांचे प्रश्न यांचे वजन वाढले. १९९१ मध्ये देहरादूनच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करावा, असा निकाल दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम तयार केला. वने, पाणी, खनिजे आणि जमीन यांचे संवर्धन अशा रीतीने वाणिज्य आणि कला शाखांच्या वर्गांतही शिकवले जाऊ लागले.