न सुटणारी लग्नगाठ

प्रेमकथेत खलनायक कोण, तर आईबाप, घराण्यांचे वैर किंवा दैव, अशी आपली समजूत असते. सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या इंग्रजी रहस्यकादंबरीत आड येते ते कायद्याचे एक कलम, आणि तेही लग्न लागून गेल्यावर. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्यातल्या खुनापेक्षा हे कलमच अधिक अस्वस्थ करून गेले.

कथा १९२१ सालच्या मुंबईतली. पर्वीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कचेरीत वकिलीचे काम पाहते. मलबार हिलवरच्या बंगल्यात गोषात राहणाऱ्या तीन मुसलमान विधवा आपला मेहेर सोडून द्यायला निघतात. सह्यांचा संशय येतो. पुढे खून पडतो. तो कोणी केला हे सांगून मी वाचकांचा रसभंग करणार नाही. याच्या जोडीने १९१६ पासूनची हकीकत चालते. कलकत्त्याचा सायरस सोडावाला मुली पाहायला मुंबईस येतो आणि त्याचे मन जडते ते पर्वीनवर. तिचे आईवडील कुरकुरतात, शेवटी नमते घेतात. वधूपरीक्षेच्या दौऱ्यात जमलेले प्रेम आणि वडिलधाऱ्यांच्या होकाराने लागलेले लग्न! याला प्रेमविवाह म्हणावे की ठरवून केलेला?

सासरी विटाळाच्या दिवसांत सुनेला एका कोंदट खोलीत एकटीला ठेवतात. ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसणाऱ्या आज्या आपणही पाहिल्या आहेत. ही प्रकरणे वाचताना त्या आठवल्यावाचून राहत नाहीत. पुढे नवऱ्याचे वेश्यागमन उघडकीस येते, तो हातही उगारतो. पर्वीन कोर्टात जाते.

आता ते कलम पाहा. १८६५च्या पारशी विवाह कायद्याने नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावरून बायकोला घटस्फोट मागता येई, पण ती दुसरी बाई वेश्या असेल तर तेवढ्यावरून नाही! नुसत्या छळासाठी मिळे ती वेगळे राहण्याची मुभा. म्हणजे ऐन तारुण्यात ही मुलगी नवऱ्यावाचून, आणि तरीही कायम विवाहित. दुसऱ्या कुणावर जीव जडला तरी वाट बंद. हे लेखिकेने रचलेले नाही. ती सवलत १९३६च्या कायद्याने गेली. छळ हे घटस्फोटाचे कारण म्हणून पारशी कायद्यात आले ते १९८८ मध्ये.

आपण हिंदूंनी यावर नाक मुरडू नये. रखमाबाईंचे लग्न बालपणीच लावून दिलेले. दादाजी भिकाजी याने नांदायला येण्यासाठी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला; १८८७ मध्ये मात्र, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटले. रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पर्वीनच्या पुस्तकात त्यांची सावली मला जागोजाग दिसली.

पर्वीनमागची खरी माणसे दोन. एक नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी, गोषातल्या स्त्रियांच्या मालमत्तेसाठी झटलेल्या. दुसऱ्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री-बॅरिस्टर. स्त्रियांना वकिलीची दारे १९२३च्या कायद्याने उघडली, म्हणून १९२१ची पर्वीन कोर्टात उभी राहू शकत नाही. पण गोषाच्या जाळीपलीकडे तिच्याच वडिलांना जाता येत नाही, तेथे तीच जाते. आणि १९३६चा तो पारशी कायदा घडवण्यात मिठनबाईंचा हात होता.