'टाटा', 'चीअर्स', 'सी यू लेटर' : ब्रिटिशांच्या निरोपाच्या शब्दांचा खरा अर्थ काय?

जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीतून पुण्याला निघालेला माणूस उंबरठ्यावर 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्याच दारात कडेवरच्या बाळाला मात्र 'टाटा कर' असं शिकवलं जातं. 'येतो' आपला, पण 'टाटा' आला कुठून?

'टाटा'चा टाटा कंपनीशी संबंध आहे का?

नाही. पुणे-नाशिक महामार्गावर ट्रकच्या मागे 'टाटा' दिसतं म्हणून अनेकांना तसं वाटतं. पण इंग्रजीत 'टा-टा' या शब्दाची नोंद 1823 पासून सापडते. जमशेटजी टाटांचा जन्म 1839 चा. हा मूळचा ब्रिटनमधल्या लहान मुलांचा बोबडा शब्द. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओच्या 'इटमा' या विनोदी कार्यक्रमातली सफाई करणारी मिसेस मॉप निघताना 'टीटीएफएन' म्हणायची, म्हणजे 'टा-टा फॉर नाऊ', तूर्तास टाटा. ते देशभर लोकप्रिय झालं.

एक लक्षात ठेवा : ब्रिटनमध्ये नुसतं 'टा' म्हणजे 'थँक्यू'. उत्तर आणि मध्य इंग्लंडमध्ये 'टा-रा' म्हणजे पुन्हा 'बाय'च.

मग 'चीअर्स' म्हणजे?

आपल्याला 'चीअर्स' म्हटलं की ग्लास आठवतात. ब्रिटनमध्ये बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'चीअर्स' म्हटलं तर त्याचा अर्थ 'थँक्यू'. फोन ठेवताना किंवा ईमेलच्या शेवटी ते 'थँक्यू' आणि 'बाय' असं दोन्ही असतं. तिकडच्या साहेबाने मेलखाली 'चीअर्स' लिहिलं, तर तो पार्टीला बोलावत नाहीये. 'चीअरिओ' हे जुन्या वळणाचं 'बाय'. ते आता तरुणांच्या तोंडी फारसं नसतं.

'सी यू लेटर' म्हटलं, मग भेटणार कधी?

नव्याने गेलेल्या विद्यार्थ्यांची गडबड इथे होते. दुकानदारही 'सी यू लेटर' म्हणतो. ते वेळ ठरवणं नसतं, फक्त निरोप असतो. याचंच तुटक रूप 'लेटर्स'.

हे विचित्र वाटत असेल तर 'येतो' आठवा. पाहुणे 'येतो हं' म्हणून निघाले की आपण संध्याकाळच्या स्वयंपाकात त्यांचं माप धरत नाही. दोन्हीकडे शब्दाचा अर्थ एक आणि काम दुसरं. काम एवढंच, की आपलं नातं इथे तुटत नाहीये.

देवाचं नाव दोन्हीकडे

'गुडबाय' हे 'गॉड बी विथ यी', म्हणजे 'देव तुझ्यासोबत असो', याचं आखडलेलं रूप आहे. सोळाव्या शतकापासून ते लिखाणात दिसतं. 'गुड मॉर्निंग'सारख्या शब्दांच्या प्रभावाने 'गॉड'चा 'गुड' झाला. आपल्या 'रामराम'मध्ये देव अजून स्पष्ट ऐकू येतो. ब्रिटिशांचं 'माइंड हाऊ यू गो' तर थेट आपलं 'जपून जा'.

फरक कुठे आहे?

आपल्याकडे निरोपाच्या शब्दाला शुभ-अशुभ चिकटलेलं आहे. 'जातो'मध्ये कायमचं जाणं ऐकू येतं, म्हणून तो टाळतात. उलट दुःखाच्या घरून उठताना अनेक ठिकाणी 'येतो' म्हणत नाहीत, कारण अशा प्रसंगाला पुन्हा यायची वेळ येऊ नये. तिथे माणसं न बोलता उठतात.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. आजीला फोनवर 'बरं, मी जातो' म्हणणारा नातू व्याकरणात चुकत नाही, पण आजीच्या काळजात चर्र होतं. त्याला रागावण्याऐवजी एवढंच सांगावं : 'सी यू लेटर'ला आपल्याकडे 'येतो' म्हणतात.