पीटर आणि ससा

मला कुत्र्यांची भीती वाटते. रात्री कॅबमधून उतरलं की घरापर्यंतची गल्ली मी अजूनही जीव मुठीत धरून चालतो. म्हणून आज पीटरची गोष्ट.

१९२० च्या एका प्रयोगात जॉन वॉटसनने एका बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती घातली. उंदीर दिसला की मागे धाडकन आवाज! ती भीती काढली मात्र नाही. (राग येतो ना?)

ते काम मेरी कव्हर जोन्सने केलं, १९२४ मध्ये छापलं. तीनेक वर्षांचा पीटर सशाला घाबरायचा. ससा हळूहळू जवळ आणला, पीटर सुधारत होता. तेवढ्यात तो आजारी पडून दोन महिने हॉस्पिटलात. परत निघताना एक मोठं कुत्रं अंगावर आलं आणि भीती पुन्हा हजर. आमच्या भाषेत, रिग्रेशन!

जोन्सबाईंनी परत सुरुवात केली. पीटर आवडीचं खातोय, ससा पिंजऱ्यात. घास थांबणार नाही इतकाच जवळ आणायचा. शेवटी ससा बोटं कुरतडायचा, तरी पीटर शांत.

मी सध्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत उभा राहतो. कालचं कुत्रं दहा फुटांवर होतं. चहा संपवला.