साच्यातील नौका आणि अस्सलतेचा प्रश्न : अमेरिकेतील जुन्या फायबरग्लास वेगनौकांच्या छंदाचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि दफ्तरखान्यातील कागदपत्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार झालेली आणि जुनी झाल्यावर परसात टाकून दिलेली वस्तू सहसा इतिहासाचे साधन मानली जात नाही. अमेरिकेतील १९५० ते १९७० या काळातील फायबरग्लासच्या वेगनौका ही अशीच एक वस्तू होय. या नौका शोधणे, त्यांचा काळ ठरविणे, त्यांची दुरुस्ती करणे आणि त्या पुन्हा पाण्यात उतरविणे हा तेथील अनेक हौशी मंडळींचा छंद आहे. या नौकांचा उदय, त्यांच्या जतनाच्या छंदाचे स्वरूप आणि त्यातून निर्माण होणारा अस्सलतेचा प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. एकाच साच्यातून निघालेल्या शेकडो वस्तूंमध्ये मूळ कोणती आणि नक्कल कोणती, हा तो प्रश्न होय.

महॉगनीकडून काचतंतूकडे

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत हौसेची वेगनौका म्हणजे महॉगनी लाकडाची, वार्निशने चकाकणारी नौका असे समीकरण होते. मिशिगनमधील अल्गोनॅक येथील ख्रिस-क्राफ्ट ही कंपनी तिच्यासाठी विशेष प्रसिद्ध होती. अशी नौका बाळगणे खर्चाचे होते आणि कष्टाचेही. दरवर्षी लाकूड घासून वार्निश करावे लागे; हिवाळ्यात सुकलेल्या फळ्या पाण्यात फुगून सांधे घट्ट होईपर्यंत वाट पाहावी लागे.

हा व्यवसाय पालटून टाकणारे द्रव्य नौकाबांधणीच्या बाहेर जन्मले. काचेचे सूक्ष्म तंतू व्यापारी प्रमाणावर काढण्याचे तंत्र १९३० च्या दशकात विकसित झाले आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिनचाही विकास झाला. हे तंतू रेझिनमध्ये भिजवून घट्ट केले असता हलके आणि बळकट कवच तयार होते, हे युद्धकाळात विमानांवरील रडारची आवरणे बनविताना सिद्ध झाले. ओहायो राज्यातील रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये या द्रव्याची छोटी नौका तयार केली. युद्धानंतर अमेरिकन नौदलानेही अशा नौका बांधून घेतल्या.

कॅलिफोर्नियातील बिल ट्रिट यांच्या ग्लासपार कंपनीने नौकांबरोबरच १९५१ मध्ये फायबरग्लासच्या अंगाची जी-टू ही मोटार बाजारात आणली. १९५३ मध्ये शेव्हरोलेटची कॉर्व्हेट त्याच द्रव्यात अवतरली. मोटार आणि नौका यांचे हे नाते पुढे नौकांच्या रूपावर ठसठशीतपणे उमटले.

साच्याचे तंत्र आणि नवा ग्राहक

या निर्मितीचा केंद्रबिंदू साचा हा आहे. प्रथम पूर्ण आकाराचा गुळगुळीत नमुना तयार करतात. त्यावरून उलटा साचा घेतात. साच्याला मेण लावून त्यात रंगीत जेलकोटचा थर देतात आणि त्यावर काचतंतूंच्या चटया व विणलेले कापड रेझिनमध्ये भिजवून हाताने बसवितात. रेझिन कडक झाले की नौकेचे कवच साच्यातून बाहेर काढतात. लाकडी नौका बांधण्यासाठी मुरलेला सुतार लागे. येथे कसब नमुना घडविणाऱ्याकडे एकवटले आणि उरलेले काम अल्प प्रशिक्षणाने शिकता येण्याजोगे झाले. किमती त्यामुळे आटोक्यात आल्या.

अनुकूल परिस्थितीही याच वेळी निर्माण झाली होती. धरणांमुळे समुद्रापासून दूरच्या राज्यांत विस्तीर्ण जलाशय तयार झाले होते. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीला गती मिळाली आणि मोटारीमागे ट्रेलरवर नौका ओढून नेणे सोयीचे झाले. नौकेच्या मागे लावावयाची बाह्य इंजिनेही शक्तिशाली होत गेली. मर्क्युरीने १९५७ मध्ये ६० अश्वशक्तीचे, तर एव्हिनरूडने १९५८ मध्ये ५० अश्वशक्तीचे इंजिन आणले. वेगनौका आता धनिकांच्या सरोवरांवरून मध्यमवर्गाच्या अंगणात आली. टेक्सासमधील ऑस्टिन येथे रॉबर्ट हॅमंड यांनी १९५६ मध्ये ग्लास्ट्रॉन कंपनी सुरू केली, ती याच ग्राहकासाठी. तिच्या नौकांनी १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या जेम्स बाँडपटात लुईझियानाच्या खाड्या गाजविल्या. त्यातील एका नौकेची शंभर फुटांहून लांब उडी आजही सांगितली जाते.

साच्यात कोणतीही वक्ररेषा सहज उतरते. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील नौकांना कॅडिलॅकसारखे मागचे पंख, दुरंगी पट्टे आणि वळणदार काचा आल्या. पाण्यात या पंखांचा काहीही उपयोग नव्हता. परंतु त्या पिढीची भविष्याविषयीची कल्पना त्यांत स्पष्ट दिसते आणि छंदिष्टांना आज मोह पडतो तो मुख्यतः त्यांचाच.

आकाराला शास्त्रीय वळण मिळाले ते रे हंट यांच्या खोल ‘व्ही’ तळामुळे. या तळाचा उतार पार मागच्या टोकापर्यंत कायम राहत असल्याने उसळत्या लाटांवरही नौका वेग राखू शके. या आकाराच्या ‘मॉपी’ या लाकडी नौकेने १९६० ची मायामी-नसाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि तिच्याच धर्तीवर बर्ट्रम-३१ ही फायबरग्लासची नौका आली. १९६४ मध्ये ख्रिस-क्राफ्टनेही ३८ फुटी कमांडर पूर्णतः फायबरग्लासमध्ये सादर केली. महॉगनीचे युग संपत आल्याची ती कबुली होती.

छंदाचे स्वरूप

जुन्या नौकांच्या संघटित जतनाचा आरंभ लाकडी नौकांपासून झाला. न्यूयॉर्क राज्यातील क्लेटन येथे जुन्या नौकांचे प्रदर्शन १९६५ पासून भरते. अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटीची स्थापना १९७५ मध्ये झाली. कारागिराच्या हातची महॉगनी हा या वर्तुळाचा आदर्श होता. प्लास्टिकची नौका त्यांच्या लेखी त्या आदर्शाला मारक ठरलेली वस्तू होती. फायबरग्लासच्या चाहत्यांना त्यामुळे आपल्या आवडीची प्रतिष्ठा वेगळी सिद्ध करावी लागली.

त्यासाठी त्यांनी जे केले ते इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नौकेवर ओळख क्रमांक कोरणे बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या नौकांवर वर्षाचा एकसमान, खात्रीचा पुरावा सापडत नाही. अनेक छोट्या कंपन्या बंद पडल्या आणि त्यांची दप्तरे नाहीशी झाली. अशा वेळी जुनी विक्रीपत्रके, मासिकांतील जाहिराती, धातूची नामपट्टी, काचेची ठेवण आणि दिव्यांचे प्रकार यांची परस्परांशी ताडणी करून काळ ठरवावा लागतो. विद्यापीठांनी आणि सरकारी अभिलेखागारांनी न जपलेली ही कागदपत्रे हौशी मंडळींनी जपली. एका उद्योगाचे अनौपचारिक दप्तर त्यातून उभे राहिले.

दुरुस्तीत एक विसंगती वारंवार आढळते. फायबरग्लास कुजत नाही, या भरवशावर या नौका विकल्या गेल्या. प्रत्यक्षात इंजिनाचा भार पेलणाऱ्या मागच्या भिंतीत प्लायवूड आणि तळाला आधार देणाऱ्या आडव्या-उभ्या दांड्यांत लाकूड वापरलेले असे. स्क्रूच्या छिद्रांतून पाणी झिरपून हे लाकूड आतल्या आत कुजते. बाहेरचे कवच मात्र धडधाकट दिसते. ते बदलावयाचे तर मूळ सांगाडा उघडावा लागतो. फिकट, चरे पडलेला जेलकोट तसाच ठेवावा की नव्या रंगाने झाकावा, यावरही एकमत नाही. पहिल्या पर्यायात पुरावा टिकतो, दुसऱ्यात रूप. पुराणवस्तूंच्या जतनशास्त्रातील हा जुनाच वाद येथे गॅरेजमध्ये लढविला जातो.

साचा, नक्कल आणि कायदा

बाजारातून एखादी नौका विकत घ्यावी, तिच्यावरूनच साचा काढावा आणि थोडाफार फरक करून नवी नौका विकावी, ही प्रथा या उद्योगात सर्रास होती. नमुना घडविण्याचा खर्च त्यामुळे वाचे. फ्लोरिडा राज्याने १९८३ मध्ये अशा थेट साचेकाढणीवर बंदी घातली. बोनिटो बोट्स या कंपनीने त्या आधारे टेनेसीच्या थंडर क्राफ्ट बोट्सविरुद्ध दावा लावला. वादातील नौका बोनिटोने १९७६ मध्ये बाजारात आणली होती. तिच्यासाठी पेटंटचा अर्ज कधीही केलेला नव्हता. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फ्लोरिडाचा कायदा संघराज्याच्या पेटंट कायद्याशी विसंगत ठरविला. पेटंटचे संरक्षण नसलेली, खुलेपणाने विकलेली रचना सर्वांना अनुकरणासाठी मोकळी असते, असे न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी लिहिलेल्या निकालाचे तात्पर्य होते. पुढे १९९८ मध्ये काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून नौकांच्या मौलिक आकारांना दहा वर्षांचे संरक्षण दिले.

छंदिष्टांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ गहन आहे. १९५० व १९६० च्या दशकांत अनुकरणाला फारशी आडकाठी नसल्याने एकाच आकाराच्या नौका वेगवेगळ्या नावांनी आढळू शकतात. बंद पडलेल्या कंपनीचे साचे दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यास वंशावळ आणखी गुंतते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत मूळ प्रत शोधताना जी पद्धत वापरतात, तिच्याशी साम्य असलेली पद्धत येथे लागते : समान दोष हे समान उगमाचे चिन्ह. नमुन्यावरील बारीकशी लहर साच्यात उतरते आणि साच्यातून प्रत्येक कवचावर.

जतनाच्या मर्यादा

छंदाने जपलेला इतिहास एकांगी असतो, हेही नोंदविले पाहिजे. पंखांच्या, चमकदार नौका टिकतात. साध्या मासेमारीच्या नौका दुर्लक्षित राहतात. संशोधकाचे नाव स्मरणात राहते. स्टायरीनच्या उग्र वासात दिवसभर रेझिन थापणाऱ्या कामगाराचे राहत नाही. शिवाय ज्या गुणामुळे ही नौका टिकते, तोच गुण तिचा कचरा झाल्यावर डोकेदुखी ठरतो. कडक झालेले रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या हौशी नौकांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, ती याच कारणाने. दुरुस्त केलेली प्रत्येक नौका हा त्या ढिगाऱ्यातला एक अपवाद असतो, तोडगा नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, जुन्या फायबरग्लास नौकांच्या छंदाने अस्सलतेची कल्पना पालटली आहे. येथे अस्सलता एकमेवाद्वितीय असण्यात नाही. साचा, काळ, वापर आणि दुरुस्ती यांच्या सिद्ध करता येणाऱ्या साखळीत ती आहे. लाकूड मागे पडून फायबर आल्याचा अनुभव कोकणच्या किनाऱ्यानेही घेतला आहे. तेथील मचव्यांचे आणि होड्यांचे स्मरण अद्याप जाणत्या पिढीजवळ आहे. पहिली फायबरची होडी किनाऱ्यावर कधी आली, सुताराचे पुढे काय झाले, हे प्रश्न ती पिढी असेतोवरच विचारता येतील. अमेरिकेतील हौशी मंडळींनी विक्रीपत्रके जपली म्हणून तेथील इतिहास लिहिता येतो. साधन टाकून दिल्यानंतर इतिहासकाराच्या हाती फारसे काही उरत नाही.