हसरे सांगाडे

हास्य आणि भयानक हे दोन रस एकमेकांचे वैरी होत, असा संस्कृत साहित्यशास्त्रकारांचा निर्णय आहे. विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त रसविरोधाची जी मांडणी केली आहे, तींत हास्याचे शत्रु म्हणून भयानक आणि करुण या दोघांचींच नांवें येतात. भ्यालेला मनुष्य हसत नाहीं आणि हसणाऱ्याचें भय पळालेलें असतें, हा रोजचा अनुभवहि या निर्णयाला पाठिंबाच देतो. परंतु विसाव्या शतकांत चित्रांना चालतें-बोलतें करण्याची जी नवी कला अमेरिकेंत भरास आली, तिनें प्रारंभींच या दोघां वैऱ्यांना एका पंक्तीला बसविलें. साऱ्या कुटुंबानें पाहून हसावें म्हणून काढलेल्या एका चित्रमालेचा पहिला प्रवेश स्मशानांत व्हावा, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण ती अपघातानें घडलेली नव्हे.

१९२८ च्या नोव्हेंबरांत वॉल्ट डिस्नेचा मिकी नांवाचा उंदीर ‘स्टीमबोट विली’ या बोलक्या व्यंगचित्रपटांतून लोकांपुढें आला आणि पाहतां पाहतां सर्वांचा लाडका झाला. डिस्नेच्या संगीताची बाजू कार्ल स्टॉलिंग हा गृहस्थ सांभाळीत असे. कॅन्सस सिटींतील चित्रगृहांत मूकपटांच्या वेळीं ऑर्गन वाजविण्यांत त्याचीं कित्येक वर्षें गेलेलीं होतीं. आधीं चित्र आणि मग त्याला जुळतें संगीत हा क्रम उलटवून, आधीं संगीत आणि त्यावर नाचणारें चित्र अशी एक स्वतंत्र मालाच कां काढूं नये, ही कल्पना त्याची. ‘सिली सिम्फनीज’ या नांवानें ती माला सुरू झाली आणि १९३९ पर्यंत तींत ७५ चित्रपट निघाले. पहिल्याचें नांव होतें ‘सांगाड्यांचें नृत्य’. त्याचें जवळजवळ सारें चित्रण अब आयवर्क्स या एकट्या चित्रकारानें केलें.

साडेपांच-सहा मिनिटांच्या या चित्रपटाला कथानक असें नाहींच. वादळी वाऱ्यांत फांदीवर बसलेलें घुबड, चर्चच्या मनोऱ्यांतून उडणारीं वटवाघळें, चंद्राकडे तोंड करून रडणारा कुत्रा आणि थडग्यांवर गुरगुरणारीं दोन मांजरें एवढी तयारी झाली, कीं थडग्यामागून एक सांगाडा वर येतो. एका क्षणीं तो प्रेक्षकांच्याच अंगावर झेप घेतो आणि त्याच्या उघड्या जबड्यांत सारा पडदा गडप होतो. मग चार सांगाडे फेर धरतात. एक जण दुसऱ्याच्या पाठीच्या मणक्यांवर हाडांनीं काष्ठतरंग वाजवितो, तर एक जण मांजराच्या शेपटीची तार करून मोठें तंतुवाद्य छेडतो. कोंबडा आरवतांच सर्वांची त्रेधा उडते. एकमेकांवर आदळून त्यांचा एकच ओबडधोबड गोळा बनतो आणि तो कसाबसा थडग्यांत शिरतो. बाहेर राहतात तीं दोन पावलें. अखेर एक हात बाहेर येऊन तींहि आंत ओढून घेतो.

हें पाहतांना अंगावर कांटा येतो आणि तरीहि हसूं आवरत नाहीं, याचें कारण तालांत आहे. पडद्यावरून सेकंदाला चोवीस चित्रें सरकतात. संगीताचे ठोके सेकंदाला दोन असतील तर प्रत्येक ठोक्याच्या वांट्याला बारा चित्रें येतात, आणि सांगाड्याचें पाऊल नेमकें त्या ठोक्यावर पडावें असा हिशेब चित्रकारानें आधींच मांडलेला असतो. भय हें मुळांत पुढें काय होईल हें न कळण्याचें भय असतें. येथें तर पुढचा ठोका केव्हां पडणार हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. स्टॉलिंगनें स्वतःच्या चालींबरोबर नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगची यक्षराक्षसांच्या मिरवणुकीची एक रचनाहि वापरली. तींतली घाई आणि धडकी या हिशेबांत बसवितांच तिचें नृत्य झालें.

तथापि मूळ कल्पना हॉलिवुडची नव्हे. पंधराव्या शतकांत पॅरिसच्या एका स्मशानाच्या भिंतीवर, १४२४-२५ च्या सुमारास, राजा, धर्मगुरु, व्यापारी आणि शेतकरी यांना हाताशीं धरून नेणाऱ्या मृतांची मोठी चित्रमाला रंगविली गेली होती. महामारी आणि युद्धें यांनीं गांजलेल्या युरोपांत तो विषय गांवोगांवच्या भिंतींवर पसरला. हान्स होल्बाइनच्या लांकडी ठशांचें पुस्तक १५३८ त लियों येथें छापलें गेलें, तेव्हां तो घराघरांत पोंचला. त्या जुन्या चित्रांत सांगाडा जिवंत माणसाला न्यावयास येतो आणि त्याला नेतोहि. आयवर्क्सच्या स्मशानांत मात्र न्यावयाला कोणी माणूसच नाहीं. भ्यावयाचें तें मांजरांनीं आणि घुबडानें! शिकवण गेली आणि खेळ उरला, हा या जुन्या विषयांतला मोठा पालट होय.

हा खेळ प्रथम सर्वांना रुचला असें नाहीं. वितरकाला मिकीचींच चित्रें हवीं होतीं. हाडांच्या नाचाला कुटुंबवत्सल प्रेक्षक मिळेल असें त्याला वाटेना. १९२९ च्या जूनमध्यें लॉस एंजिलिसच्या कार्थे सर्कल थिएटरांत तो दाखविला गेला आणि लोकांनीं तो उचलून धरला, तेव्हां कुठें मालेचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि भय ही वस्तु स्मशानांतून निघून घराघरांच्या उंबरठ्याशीं आली.

म्हणूनच १९३३ च्या मे महिन्यांत आलेल्या ‘तीन छोटीं डुकरें’ या चित्रपटांतला लांडगा साधा लांडगा राहिला नाहीं. भ्यावयाचें तें भीतीलाच, अशा आशयाचें भाषण करून रूझवेल्ट यांनीं मार्चमध्यें अध्यक्षपदाचीं सूत्रें हातीं घेतलीं होतीं. दोन महिन्यांनीं लांडग्याला न भिण्याचें गाणें साऱ्या देशाच्या तोंडीं बसलें. परंतु त्या हसऱ्या चित्रांतहि दोन ठिकाणीं मन दचकतें. विटांच्या मजबूत घरांत भिंतीवर ‘बाबा’ म्हणून जी तसबीर टांगलेली आहे, तींत डुकराच्या मांसाच्या गुंडाळ्यांची एक माळ आहे! मुलें ती पाहून हसतात. ती माळ म्हणजे काय हें कळलेला मोठा माणूस क्षणभर थबकतो. दुसरें ठिकाण याहून गंभीर आहे. दार उघडून घेण्यासाठीं लांडगा ज्यू फेरीवाल्याचें सोंग घेतो, तें नाक, दाढी आणि बोलण्याची ढब यांची टवाळी करणारें होतें. जर्मनींत हिटलर सत्तेवर आला तें हेंच वर्ष. पुढें १९४८ त तो भाग नव्यानें काढून लांडग्याचें सोंग बदलण्यांत आलें. सांगाड्याला पाहून भ्यालेलें मूल सकाळीं भय विसरतें. शेजाऱ्याला लांडगा समजण्याचें भय इतक्या सहजासहजीं जात नाहीं, हें मधल्या पंधरा वर्षांनीं जगाला शिकविलें होतें.

१९३७ च्या ‘जुन्या पवनचक्की’त या मालेनें ताल जवळजवळ सोडूनच दिला. चित्रांचे थर एकाखालीं एक ठेवून खोलीचा भास निर्माण करणारा नवा कॅमेरा या चित्रपटांत वापरला गेला. पडक्या चक्कींतील एका चाकाच्या खांचेंत पक्षीण अंड्यांवर बसलेली आहे. वादळ येतें, दोर तुटतो आणि वर्षानुवर्षें थांबलेलें चाक फिरूं लागतें. मोठ्या चाकाचा एकेक दांता खांचेंत उतरतो. पक्षीण पंख पसरून अंड्यांवर दबून राहते. तिच्या खांचेवर येणारा दांता नेमका तुटलेला असतो, म्हणून ती वांचते. येथें कोणी हसत नाहीं. वाद्याच्या ठोक्याची जागा दांत्यानें घेतली आहे, आणि आतां ठोका माहीत असणें हेंच भयाचें कारण झालें आहे.

त्याच वर्षीं २१ डिसेंबरला, सांगाडे जेथें प्रथम नाचले त्याच कार्थे सर्कल थिएटरांत, डिस्नेचा पूर्ण लांबीचा ‘स्नो व्हाइट’ दाखविला गेला. रानांतून धांवणाऱ्या मुलीला झाडांच्या फांद्या हात होऊन पकडतात आणि राणीची पाहतां पाहतां थेरडी चेटकीण बनते. इंग्लंडच्या चित्रपट परीक्षक मंडळानें १९३८ त त्याला असा दाखला दिला, कीं सोळा वर्षांखालील मुलांनीं तो मोठ्या माणसाच्या सोबतीनेंच पाहावा. कांहीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं ही अट मानली नाहीं. मुलांना भय दाखवावें कीं नाहीं, या वादाला तेव्हां प्रथमच सरकारी कागदाचें रूप आलें असें नव्हे. पण हसविणाऱ्या चित्रांविषयीं तो एवढ्या गांभीर्यानें क्वचितच झाला असेल.

त्या वादाचें एक मार्मिक उत्तर बावन्न वर्षांनीं दुसऱ्याच एका कौटुंबिक हास्यमालेनें दिलें. १९९० च्या ऑक्टोबरांत अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘सिम्प्सन्स’ या मालेचा भयकथांचा पहिला भाग दाखविला गेला. आरंभीं घरांतली आई पडद्याबाहेर येऊन, मुलांना लौकर निजवा, असें पालकांना बजावते. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ बोलपटाच्या प्रारंभींच्या इशाऱ्याची ही नक्कल होती. मग झाडावरच्या खोपटांत मुलें एकमेकांना भुताखेतांच्या गोष्टी सांगतात आणि बाप बाहेर लपून त्या चोरून ऐकतो. गोष्टी संपतात. मुलें आपापल्या अंथरुणांत स्वस्थ झोंपीं जातात. दिवा राहूं द्या म्हणून काकुळतीला येतो आणि रात्रभर जागा राहतो, तो बाप.